माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे

छत्रपती संभाजीनगरलगतच्या चिकलठाण्यासारखं गाव शहरात मिसळू लागलं की प्लॉटिंगवाल्यांची नजर आधी मोकळ्या माळावर जाते. कारण माळ म्हणजे पडीक, असा आपला समज. पण असाच माळ माळढोक पक्ष्याचं घर आहे.

सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत 1979 मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र तब्बल 8,496 चौरस किलोमीटर. त्यात शेतं आली, गावं आली, बाजारपेठाही आल्या. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधनं पडली आणि शेतकऱ्यांचा राग पक्ष्यावर निघाला. अखेर फेरआखणी होऊन क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. तोवर माळढोक मात्र जवळपास दिसेनासा झाला होता.

हा पक्षी नाजूक का? मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत भरतं. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे समोरची वीजतार उशिरा दिसते आणि जड अंगाला चटकन वळता येत नाही. आज देशात दीडशेच्या आसपासच माळढोक उरलेत, बहुतेक राजस्थानात.

यातून धडा काय? नकाशावर सरसकट रेघ ओढून संरक्षण होत नाही. विणीच्या जागा नेमक्या हेराव्यात, तिथल्या तारा जमिनीखाली घ्याव्यात, शेतकऱ्याला मोबदला द्यावा. आणि आपल्या गावच्या माळावर काही उभारण्याआधी तिथं कोण राहतं, हे ग्रामसभेत जरूर विचारा.