शिलकी खजिना आणि रयतेचे मीठ
नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या विधिमंडळातील कार्यावरील भाषण

१९०२ सालच्या मार्च महिन्याची २६ तारीख. कलकत्त्यात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय विधिमंडळाची बैठक भरली होती. अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ यांनी सादर केलेले अंदाजपत्रक शिलकी होते, आणि सदस्यांनी अर्थसदस्यांचे अभिनंदन करावे, असाच एकंदर रोख होता. मुंबई इलाख्यातून नव्याने निवडून आलेले पस्तीस वर्षांचे प्राध्यापक गोखले बोलावयास उभे राहिले. या अभिनंदनात आपल्याला मनापासून सहभागी होता येत नाही, हे त्यांनी आरंभीच सांगितले.

त्या विधिमंडळाचे स्वरूप ध्यानात घेतल्याशिवाय या वाक्याचे वजन कळणार नाही. १८९२ च्या कायद्याने सदस्यांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली होती. पण त्यावर मतदान होत नसे, दुरुस्ती सुचविता येत नसे. निवडून येणारे सदस्य अवघे पाच, आणि त्यांतला एक कलकत्त्याच्या व्यापारी मंडळाचा. आज ग्रामपंचायतीच्या सभासदालाही अंदाजपत्रकाच्या बाजूने वा विरुद्ध हात वर करता येतो. गोखल्यांना तो हात नव्हता. त्यांच्यापाशी होते ते सरकारनेच छापलेले आकडे.

त्यांचा मुद्दा असा होता. १८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला, त्यापाठोपाठ प्लेग आला, आणि १८९९-१९०० मध्ये त्याहून भीषण दुष्काळ कोसळला. गावेच्या गावे दुष्काळी कामांवर खडी फोडीत असताना सरकारी खजिन्यात मात्र वर्षामागून वर्ष शिल्लक पडत होती. ही शिल्लक देशाच्या भरभराटीची खूण आहे, असे राज्यकर्ते समजत होते. गोखल्यांनी तिचा उगम शोधून दाखविला. १८९३ मध्ये सरकारने चांदीचे रुपये पाडण्यास टांकसाळी लोकांना बंद केल्या आणि रुपयाचा भाव सुमारे १३ पेन्सांवरून १६ पेन्सांवर नेला. इंग्लंडला दरसाल जी मोठी रक्कम पौंडांत पाठवावी लागे, तिच्यातील प्रत्येक पौंडाला पूर्वी साडेअठरा रुपये पडत. आता पंधरा पडू लागले. सरकारचा खर्च उतरला. पण रुपया पडता असताना ती तूट भरून काढण्यासाठी बसविलेले आणि वाढविलेले कर मात्र जसेच्या तसे राहिले. खजिन्यातील शिल्लक ती हीच. शेतकऱ्याच्या घरी याच काळात उलटे घडले. रुपयाच्या मानाने चांदी उतरली, आणि अडल्या वेळी मोडावयाचे वाळे-गोठ सराफाच्या काट्यावर पूर्वीइतके रुपये आणीनात.

गोखल्यांच्या दृष्टीने ही शिल्लक दुहेरी अन्यायाची होती. लोक विपन्नावस्थेत असताना गरजेपेक्षा अधिक कर घेणे हा पहिला अन्याय. आणि त्याच शिलकेवरून लोक सुखात आहेत असा निष्कर्ष काढणे हा दुसरा.

करांत सर्वांत जाचक होता तो मिठावरचा. १८८८ मध्ये तो मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेलेला होता. मण म्हणजे सुमारे ८२ पौंड. तेव्हा एका पौंडामागे जवळजवळ अर्धा आणा कर पडे. पाच माणसांच्या कुटुंबाने माणशी दहा पौंड मीठ वापरले तरी वर्षाकाठी सुमारे दीड रुपया केवळ करात जाई. रोजंदारीचा हिशेब आण्यांत होण्याच्या त्या दिवसांत हा दीड रुपया कित्येक दिवसांच्या राबणुकीचा होता. सावकाराच्या वाड्यातही तेवढेच मीठ आणि मजुराच्या झोपडीतही तेवढेच. कर दोघांना सारखा. गोखल्यांनी मिठाच्या खपाचे आकडे पुढे ठेवले. आरोग्याला माणशी वीस पौंड मीठ लागते असे वैद्यकीय मत असताना या देशात माणशी दहा पौंडही खपत नाही, आणि कर वाढला की खप खुंटतो, हे त्यांनी दाखविले. मिठाची टंचाई जनावरांनाही भोवते, ही गोष्ट गुरे पाळणाऱ्याला सांगावी लागत नाही.

या आकड्यांमागची मेहनत पाहण्यासारखी आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात गोखले गणित शिकवीत, आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चाले. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांची सरकारी अहवाल वाचण्याची तालीम झाली होती. जानेवारी १९०१ मध्ये रानडे गेले, तेव्हा गोखल्यांनी आधार घेतला तो सोलापूरच्या सरकारी हायस्कुलाचे मुख्याध्यापक गणेश व्यंकटेश जोशी यांचा. शेतसारा, चलन, लष्करी खर्च यांच्या आकडेवारीत जोशी यांचा हात धरणारा माणूस त्या काळी विरळा. केंद्रीय विधिमंडळात गाजलेल्या भाषणांची बरीचशी सामग्री अशी एका शाळामास्तराच्या टिपणांतून आली आहे, हे शिक्षकवर्गाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

काटेकोरपणाचे आणखी एक कारण असावे. १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये असताना पुण्यातील प्लेगबंदोबस्ताविषयी गोखल्यांनी पत्रांवर विसंबून काही आरोप केले. परत आल्यावर त्यांचा पुरावा मिळेना. तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली आणि स्वकीयांचीही बोलणी खाल्ली. त्यानंतरची त्यांची भाषणे पाहावीत. सरकारी कागदाचा आधार नसलेला आकडा त्यांत सापडणे कठीण.

ग्रामीण प्रश्नांचा अनुभव त्यांना कलकत्त्यास जाण्यापूर्वीच मिळाला होता. ऑगस्ट १९०१ मध्ये मुंबई विधिमंडळापुढे जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. शेतसारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यावयाची, पण ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क मात्र द्यावयाचा नाही, अशी त्यात तरतूद होती. सावकाराच्या हातून जमीन वाचावी, हा सांगितलेला हेतू. हेतू वाईट नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. परंतु पेरणीला बी आणि बैल कोणी द्यावयाचे, याचे उत्तर विधेयकात नव्हते. जमिनीवरची पत गेली की शेतकऱ्याच्या हाती काय उरणार आणि तो सरकारचे कूळ तर बनणार नाही ना, हा विरोधकांचा प्रश्न होता. अवर्षणाने गांजलेल्या मुलखात असा कायदा घाईने नको, ही विनंती मानली गेली नाही. तेव्हा फिरोजशहा मेहता सभागृहाबाहेर पडले आणि गोखले, भालचंद्र कृष्ण, दाजी आबाजी खरे व गोकुळदास पारेख त्यांच्यामागून गेले. विधेयक अर्थातच मंजूर झाले.

सभात्याग गोखल्यांच्या स्वभावात फारसा बसत नव्हता. पुढील वर्षांत त्यांनी जागेवर बसून तोच विषय पुनःपुन्हा मांडण्याचा मार्ग धरला. रेल्वेवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने पाटबंधाऱ्यांवर फार थोडा खर्च होतो, ही तक्रार त्यांनी सोडली नाही. रेल्वेने दुष्काळी भागात धान्य पोहोचते हे खरे. पण जमिनीला पाणी मिळत नाही. जमिनीचा कस उतरत चालला आहे, उत्पन्न घटत आहे, आणि खतपाण्यासाठी पैसा घालण्याची ताकद कर्जबाजारी कुणब्यात उरलेली नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. आज ज्याला पर्यावरणाचा प्रश्न म्हणतात, तो त्यांच्या भाषणांत महसुलाच्या रकान्यातून येतो. १९०६ च्या अंदाजपत्रकावर बोलताना तर त्यांनी कामांची यादीच ठेवली: शेतसाऱ्यात सूट, कर्जनिवारण, शेतीसाठी पतपुरवठा, पाटबंधारे व शास्त्रीय शेती, औद्योगिक शिक्षण, प्राथमिक शिक्षण आणि आरोग्यव्यवस्था. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेल्या या सदस्याला नळ आणि गटारे यांचा खर्च कोठून येतो, याची चांगली जाण होती; १९१२ मध्ये स्थानिक संस्थांच्या आर्थिक साधनांची चौकशी व्हावी, असा ठरावही त्यांनी मांडला.

पदरी काय पडले? सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. ते फेटाळले जाणार, हे सभागृहात त्यांनी स्वतःच आधी सांगून ठेवले होते. मिठाच्या बाबतीत मात्र फळ आले. १९०३ मध्ये कर मणामागे दोन रुपयांवर आला आणि त्याच वर्षी प्राप्तिकराची माफीमर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया झाला, १९०७ मध्ये एक रुपया. याचे सारे श्रेय एका सदस्याला देणे बरोबर होणार नाही. खजिना भरलेला होता आणि लोकमताला थोडे शांत करणे सरकारलाही सोयीचे होते. तरी कर उतरल्यावर मिठाचा खप वाढला. तो आकडाही गोखल्यांनी लगोलग सभागृहापुढे ठेवला आणि आणखी सूट मागितली.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. पुढच्याच वर्षी, महायुद्धाचा खर्च भागविण्यासाठी, मिठावरील कर मणामागे सव्वा रुपया करण्यात आला.