बाईच्या हृदयाची मोजदाद कोण ठेवतं?

(आष्टी, ता. परतूर, जि. जालना येथे बचत गटांच्या बायकांसमोर केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



रोजच्या सवयींतून हृदय निरोगी कसं ठेवावं, यावर बोला असं मला सांगितलं आहे. याचे रंगीत तक्ते दवाखान्यात लावलेले असतात. सकाळी फिरा, फळं खा, मीठ-तेल कमी करा, चिंता करू नका, सात-आठ तास झोपा. सल्ला खोटा नाही. पण तो वाचताना मला वाटतं, हे लिहिणाऱ्याच्या घरी पाणी दुसरं कोणीतरी भरत असणार.

हृदयविकार म्हणजे कर्त्या पुरुषाचा आजार, अशी आपली समजूत असते. घरातल्यांचीच कशाला, शास्त्राचीही होती. ॲस्पिरिनच्या गोळीने हृदयाचा झटका टळतो का, हे पाहणाऱ्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासाचे निष्कर्ष १९८९ मध्ये छापून आले. त्यात २२,०७१ डॉक्टर होते आणि एकही बाई नव्हती. प्रत्यक्षात जगभर बायकांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार हेच आहे. बाळंतपणात बाई दगावते हे आपल्याला ठाऊक असतं. पन्नाशीची बाई रात्रीतून गेली, तर मात्र ‘आयुष्य तेवढंच होतं’ म्हणून आपण मोकळ्या होतो.

आता मिठाचं बघू, कारण ते आपल्या हातात आहे असं सगळे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे सपाट चहाचा चमचा. घरात पाच मोठी माणसं असतील तर महिन्याला पाऊण किलोच्या आत. आता आपापल्या घरी किलोची पुडी किती दिवसांत संपते ते आठवा! शिवाय लोणचं, पापड, खारवड्या, दुकानातला चिवडा, फरसाण यांतलं मीठ वेगळंच. जास्त मिठाने रक्तदाब वाढतो, आणि वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. तो वर्षानुवर्षं आतून हृदयाला, मेंदूला, मूत्रपिंडाला झिजवतो.

पण मीठ बाईच्या हातात आहे म्हणणं अर्धवट खरं आहे. भाजी अळणी झाली तर ताट कोणाच्या अंगावर येतं? म्हणून मीठ एका दिवसात तोडू नका. दर आठवड्याला चिमूटभर कमी करत चला. जिभेला महिन्या-दोन महिन्यांत सवय होते आणि कोणाला कळतही नाही. चवीला लिंबू, चिंच, लसूण, जिरं आहेच. अंबाडीच्या भाजीला तर आंबटपणाच इतका असतो. भाकरीच्या पिठात मीठ घालत असाल तर ते आधी बंद करा.

दुसरी गोष्ट, शेवटी जेवण्याची. सगळ्यांचं झाल्यावर भाजी संपलेली असते. मग बाई भाकरीबरोबर ठेचा, लोणचं किंवा नुसतं मीठ-तेल-तिखट घेते. म्हणजे घरात सगळ्यांत कमी भाजी आणि सगळ्यांत जास्त मीठ कोणाच्या पोटात जातं, ते तुम्हीच सांगा. घरातल्या सगळ्यांचं हृदय जपायला जी सकाळी उठून चूल पेटवते, तिचंच ताट असं. आपली ज्वारीची भाकरी, मटकी, हरभरा, घोळ, तरोटा, शेपू हे हृदयाला उत्तम खाणं आहे, त्यासाठी सफरचंद आणायला परतूरला जायला नको. फक्त त्यातला वाटा आपल्याला मिळाला पाहिजे. भाजी वाढताना आपली वाटी आधी काढून ठेवायची. सासूबाईंचीही काढा, त्यांचंही आयुष्य असंच गेलं आहे.

मिसरीचं बोलायचं तर तुम्ही हसाल. पण मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडीतून निकोटीन रक्तात जातं, नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. पुरुषाच्या बिडीवर घरात भांडण होतं, बाईच्या मिसरीला कोणी व्यसन म्हणत नाही. सकाळी भूक मारायला, दाढ दुखते म्हणून, काम संपेना म्हणून ती लावली जाते. एकटीने सोडणं कठीण. गटातल्या चौघींनी मिळून सोडा.

‘आम्ही दिवसभर राबतो, वर व्यायाम कशाला?’ हे खरंच आहे. कापूस वेचणाऱ्या, सोयाबीन काढणाऱ्या बाईला चालायला जा म्हणणं म्हणजे थट्टा. तिला विश्रांती आणि पुरती झोप हवी. पण शिलाई मशीनवर, दुकानात, अंगणवाडीत बसून काम करणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच आहेत. त्यांना आठवड्याला एकूण अडीच तास झपझप चालणं हवं. बाईने एकटीने रस्त्यावर चालणं लोकांना खटकत असेल तर दहाजणी मिळून चाला.

आता गोळ्यांची सवय. रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची असते. एकादशी असो, चतुर्थी असो, नवरात्र असो, उपासाला गोळी मोडत नाही. शुगरच्या गोळीचं मात्र उपासाआधी डॉक्टरांना विचारा. बरं वाटतंय म्हणून स्वतःहून थांबवू नका. घरात पैसे कमी पडले की आधी बाईची गोळी बंद होते, हेही बघितलेलं आहे. म्हणून सरकारी दवाखान्यातली फुकट गोळी सोडू नका. आपल्या भागातून ज्या ऊसतोडीला जातात, त्यांनी निघताना जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्यात आणि चिठ्ठी पिशवीत ठेवावी. म्हणजे फडावर संपल्या तरी तिथल्या दवाखान्यात दाखवता येते.

ऊसतोडीवरून आणखी एक. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर कमी वयात अंडाशयंही काढली असतील, तर पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. हे ऑपरेशनच्या टेबलावर कोण सांगतं? तसंच गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढलं होतं, झटके आले होते, त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. अशा बायांनी वर्षातून एकदा तरी बीपी आणि शुगर तपासावी आणि डॉक्टरांना ही जुनी गोष्ट आपणहून सांगावी. ते विचारतीलच असं नाही.

झटका आला तर बाईच्याही छातीत दुखतं, दडपतं. पण पुष्कळदा सोबत, कधी त्याऐवजीही, जबडा, पाठ किंवा खांदा दुखतो, दम लागतो, मळमळतं, दरदरून घाम फुटतो, अंगातली शक्ती गेल्यासारखी वाटते. घरात म्हणतात पित्त झालं, सोडा दे. तीही म्हणते, एवढ्या भाकरी होऊ द्या. तेवढ्यात हृदयाचा तुकडा निकामी होतो. अशा वेळी १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका. अँजिओप्लास्टी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार लागतं. ते कपाटात नवऱ्याच्या कुलपात असेल तर आजच बाहेर काढा.

तिशी उलटलेल्या सगळ्यांनी बीपी मोजून घ्यायचं आहे. १४० आणि ९० हे आकडे लक्षात ठेवा. त्याच्या वर पुन्हा पुन्हा गेलं तर उपचार लागतो. सिस्टर तिकडे मशीन घेऊन बसल्या आहेत. धावतपळत जाऊ नका. आधी पाच मिनिटं नुसत्या बसा, पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून, न बोलता. दंडावरची बाही सैल करा, मग हात पुढे करा. आकडा कागदावर लिहून मागा.