सोळाशे मीटर: आपला आकडा कसा ठरवायचा?

नांदेड असो की लातूर, लोहा, कंधार, मुखेड असो की अहमदपूर, उदगीर, औसा. पहाटे पाच वाजता गावाबाहेरच्या रस्त्याला लागलात, की पळणारी पोरं-पोरी दिसतातच. कुणाला पोलीस व्हायचं आहे, कुणाला अग्निवीर. पळून झालं की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘सोळाशेचा टायमिंग किती आला?’ आज मी याच टायमिंगबद्दल बोलणार आहे. पळायचं कसं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण किती वेळेत पळायचं ठरवावं, हे नीट बसून कुणी सांगत नाही. आणि माझ्या मते निम्मी भरती तिथंच साधते किंवा हुकते.

सोळाशे मीटर म्हणजे जवळजवळ एक मैल. मैल भरतो १६०९ मीटर आणि थोडा वर. म्हणजे आपल्या पोरांच्या सोळाशेत आणि जगभर गाजलेल्या मैलाच्या शर्यतीत जेमतेम नऊ मीटरचा फरक. चारशे मीटरच्या मैदानावर सोळाशे म्हणजे बरोबर चार राउंड.

आता आकडे पाहू. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना सोळाशे मीटरला २० गुण, शंभर मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना सोळाशेऐवजी आठशे मीटर. सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याआधी संपवलं, की पूर्ण २० गुण. पुढं साधारण दर वीस सेकंदांना दोन गुण कमी होत जातात: ५.३० पर्यंत १८, ५.५० पर्यंत १६, ६.१० पर्यंत १४. मुलींना आठशे मीटरमध्ये पूर्ण गुणांसाठी २ मिनिटं ५० सेकंद. सैन्याच्या अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटरला साडेपाच मिनिटांच्या आत येणाऱ्याला पूर्ण ६० गुण मिळतात. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून आपल्या वर्षाची जाहिरात प्रत्येकानं स्वतः वाचावी.

हा तक्ता पोरांना पाठ असतो, आणि घोटाळाही तिथंच होतो. तक्त्यातला सगळ्यात वरचा आकडा दिसतो, पाच-दहा. मग ज्यानं काल पळायला सुरुवात केली तोही म्हणतो, ‘मला पाच-दहाच पाहिजे.’ पहिल्या दिवशी छाती फुटेस्तोवर पळतो, दुसऱ्या राउंडला दम तुटतो, तिसऱ्याला चालायला लागतो. आठ दिवसांत नडगी दुखायला लागते आणि महिन्याभरात तो म्हणतो, ‘आपल्यानं होत नाही.’ मित्रांनो, तुमच्यानं होत नाही असं नाही. तुम्ही आकडा तक्त्यावरून उचललात. तो स्वतःच्या पायांवरून काढायचा असतो.

तो काढायचा कसा? सगळ्यात आधी अंतर नीट मोजा. मोबाइलमधलं अ‍ॅप सोळाशेला कधी पंधराशे ऐंशी दाखवतं, कधी साडेसोळाशे. गावात बांधकामावरच्या मिस्त्रीकडं लांब टेप असतो. तो मागून आणा, शाळेच्या मैदानाची फेरी मोजा आणि खुणा करा. दोनशे मीटरची फेरी निघाली तर आठ फेऱ्या. जिल्ह्याच्या मैदानावर पळत असाल, तर आतल्या पहिल्या लेनमध्ये पळा. दुसऱ्या लेनमध्ये दर राउंडला सात मीटरपेक्षा जास्त अंतर वाढतं. चार राउंडला जवळपास तीस मीटर. पाच-दहाच्या वेगानं पळणाऱ्याला हे अंतर पाच-सहा सेकंदांना पडतं. भरतीच्या दिवशी घोळक्यातून वळणावर बाहेरून ओव्हरटेक करणारी पोरं हेच सेकंद नकळत घालवतात. पुढं जायचं तर सरळ भागात जा.

अंतर मोजलं, की दोन-तीन आठवडे नुसतं सावकाश पळा. शेजारच्याशी एक वाक्य सलग बोलता येईल, इतकंच सावकाश. त्यानंतर एक दिवस विश्रांती घ्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, थंड वेळी, मनापासून सोळाशे पळा. एक मित्र घड्याळ घेऊन उभा करा आणि दर राउंडचा वेळ लिहून घ्या. जो वेळ येईल तो तुमचा आजचा आकडा. सात-वीस आला तरी लाजू नका. वहीत तारीख टाकून लिहा.

आता हिशेब करू. समजा, चाचणीत ६ मिनिटं ४० सेकंद आले. म्हणजे दर राउंड शंभर सेकंदांचा. भरतीला दोन महिने आहेत. पाच-दहा हवं असेल तर राउंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत यायला हवा. दर राउंडला साडेबावीस सेकंद तोडणं दोन महिन्यांत व्हायचं नाही. पण सहा-दहा? त्यासाठी राउंड साडेब्याण्णव सेकंदांत हवा. दर राउंडला साडेसात सेकंद कमी. नव्यानं सुरुवात केलेल्या, नियमित पळणाऱ्या मुलाला हे जमू शकतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा: तक्त्यातली वीस सेकंदांची एक पायरी म्हणजे दर राउंडला फक्त पाच सेकंद. पाच सेकंद म्हटलं की काम आवाक्यात येतं.

ठरवलेला आकडा बरोबर आहे का, याची एक सोपी परीक्षा आहे. चारशे मीटर पळा, दोन मिनिटं चाला. असं चार वेळा. प्रत्येक चारशे ठरवलेल्या वेगानं, म्हणजे आपल्या उदाहरणात ब्याण्णव-त्र्याण्णव सेकंदांत. चौथा राउंडसुद्धा त्याच वेळेत आला आणि अंगात थोडं शिल्लक राहिलं, तर आकडा योग्य आहे. तिसऱ्यालाच अठ्ठ्याण्णव लागले, तर आकडा दहा-पंधरा सेकंदांनी मागं घ्या. मागं घेणं म्हणजे हार मानणं नव्हे. महिन्यानं तोच आकडा परत पुढं नेता येतो.

पुढं पुढं वेग वाढणं अवघड होत जातं, हेही समजून घ्या. सात मिनिटांवरून साडेसहावर येणं तुलनेनं सोपं. साडेपाचवरून पाच-दहावर येणं फार कष्टाचं. तिथं दहा सेकंदांसाठी कित्येक महिने लागतात. म्हणून ज्याचा वेळ आधीच साडेपाचच्या आसपास आहे त्यानं पुढचं उद्दिष्ट पाच सेकंदांचंच ठेवावं.

या पाच-सहा मिनिटांत शरीराला लागणारी बहुतेक ताकद श्वासातून येणाऱ्या प्राणवायूवर तयार होते. सुरुवातीला एकदम जोरात सुटलं, की शरीर प्राणवायूशिवाय ताकद काढतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात काहीच जाणवत नाही, उलट भारी वाटतं. पण त्याची वसुली तिसऱ्या राउंडला होते. मांड्या जड होतात, श्वास पुरत नाही. आठवडी बाजारात शिरल्याबरोबर पहिल्याच दुकानात सगळे पैसे उडवले, तर पुढच्या खरेदीला काय उरणार? तसंच हे आहे. चारही राउंड जवळपास सारख्या वेळेत पळणारा पुढं निघतो.

याचं एक गाजलेलं उदाहरण पाहा. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर या वैद्यकीय विद्यार्थ्यानं जगात पहिल्यांदा चार मिनिटांच्या आत मैल पूर्ण केला. वेळ होता ३ मिनिटं ५९.४ सेकंद. त्याच्या राउंडचे वेळ पाहिले, तर सगळे सत्तावन्न ते त्रेसष्ट सेकंदांच्या मध्ये बसतात. सगळ्यात संथ राउंड कोणता? तिसरा. जगातल्या त्या विक्रमवीरालाही तिसरा राउंड जड गेला होता. म्हणून तुमचा तिसरा राउंड जड जाणार, हे आधीच धरून चाला आणि मन तिथं खंबीर ठेवा.

आणि पायरी-पायरीनं वेळ कमी करण्याचं आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. तो सैन्यात भरती झाला आणि पुढं तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत पळू लागला. २०१८ मध्ये त्यानं ८ मिनिटं २९.८० सेकंद वेळ देऊन ३७ वर्षांपूर्वीचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत ८.२१. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ८.१८. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८.११ आणि रौप्यपदक. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या शंभर भागांपैकी फक्त पाच भागांनी. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८.०९. म्हणजे वीस सेकंद कमी करायला देशातल्या सर्वोत्तम धावपटूला सहा वर्षं लागली. तो दर वेळी पुढची एक पायरी चढत गेला. आपण मात्र सहा आठवड्यांत नव्वद सेकंद तोडायला निघतो.

मुलींसाठी दोन शब्द. आठशे मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत म्हणजे दोन राउंड, प्रत्येकी पंच्याऐंशी सेकंदांचे. आकडा काढायची रीत तीच. पण नियमित पळूनही वेळ सुधारत नसेल, लवकर धाप लागत असेल, तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल, तर सरावाचा दोष नसतो. त्यावर उपचार आहेत आणि ते आधी करावेत.

सरावाबद्दल थोडक्यात सांगतो. रोज सोळाशे जिवाच्या आकांतानं पळू नका. आठवड्यातले तीन दिवस पाच-सहा किलोमीटर सावकाश, एक दिवस चारशेचे राउंड, एक दिवस वीस मिनिटं जरा वेगानं, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. उरलेला दिवस आणि इतर दिवसांतला थोडा वेळ शंभर मीटर आणि गोळ्याला द्या. डांबरी रस्त्यापेक्षा मातीवर पळा. नडगीला आराम मिळतो. वेळेची परीक्षा तीन-चार आठवड्यांतून एकदाच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा ऊन चढायच्या आत सराव संपवा. त्या दिवसांत वेळ दहा-वीस सेकंदांनी जास्त आला, तर ते उन्हामुळं आहे असं समजा. छातीत दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर त्याच क्षणी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. मैदानी चाचणीच्या दिवशी कुणी गोळी किंवा इंजेक्शन देऊ केलं, तर हात लावू नका. त्यानं भरतीही जाते आणि जीवही जाऊ शकतो.

भरतीची अकॅडमी चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. वीस मुलांना एकच आकडा देऊ नका. प्रत्येकाच्या नावापुढं त्याचा आजचा वेळ आणि महिन्यानंतरचा वेळ लिहा. आणि आई-वडिलांनो, शेजारचा पोरगा पाच-दहा मारतो, हे आपल्या लेकराला ऐकवू नका. त्याचा मागच्या महिन्याचा वेळ किती होता आणि आज किती आहे, हे विचारा.

शेवटी गुणांचं. मैदानी परीक्षा ५० गुणांची आहे, सोळाशेला त्यातले २०. सहा-चाळीसवरून सहा-दहावर आलात, की चार गुण वाढतात. तेवढेच चार गुण गोळ्यात किंवा शंभर मीटरमध्येही सापडू शकतात, आणि पुढं लेखी परीक्षा आहेच. हे सगळं वहीत मांडून बसा. मग पाच-दहाची धास्ती राहणार नाही. पुढच्या महिन्यात आपल्याला कोणते पाच सेकंद कमी करायचे आहेत, एवढंच समोर राहील. ते पाच सेकंद कमी करणं नांदेड-लातूरच्या कोणत्याही कष्टाळू मुला-मुलीच्या हातात आहे, याची मला खात्री आहे. आजच वहीचं पहिलं पान उघडा आणि आपला आकडा लिहायला घ्या.