किमान चिंतेचा नाकतोडा



ज्या कीटकाविषयी मी आज बोलणार आहे, त्याला नाव मिळाले ते एका खेडवळ उपचारावरून. स्वीडनमधील शेतकरी हा जाडजूड नाकतोडा पकडून त्याला हातावरच्या चामखिळीचा चावा घ्यायला लावीत; त्यामुळे चामखीळ झडते, असा त्यांचा समज होता. लिनियसने १७५८ साली त्याची नोंद केली, तेव्हा ‘चामखीळ खाणारा’ या अर्थाचेच लॅटिन नाव त्याला दिले. उपचाराच्या गुणाविषयी वैद्यांनीच बोलावे.

धाग्यासारख्या लांब शृंगिका असणाऱ्या नाकतोड्यांच्या कुळातील ही जाती पश्चिम युरोपपासून आशियाच्या समशीतोष्ण प्रदेशात दूरवर पसरलेली आहे. टोळ, नाकतोडे व रातकिडे यांच्या १,०८२ जातींची पाहणी करून युरोपची लाल सूची २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील चौथ्या हिश्शाहून काही अधिक जाती संकटात आढळल्या. आपला नाकतोडा मात्र ‘किमान चिंता’ या वर्गात आहे.

हा निर्णय चुकीचा नव्हे. पण तो संपूर्ण जातीविषयी आहे, एखाद्या टेकडीविषयी नव्हे. आणि हा कीटक तर टेकडीवरच जगतो. दक्षिण इंग्लंडमध्ये तो आता मोजक्याच ठिकाणी उरला आहे. ससेक्समधील खडूच्या टेकड्यांवरची जुनी कुरणे नांगराखाली गेली, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. मादीला अंडी घालण्यासाठी उन्हाने तापणारी उघडी माती हवी, पिलांना आखूड गवत हवे, आणि वाढलेल्या कीटकाला पक्ष्यांपासून लपण्यासाठी उंच गवताचे झुबके हवेत. तो क्वचितच उडतो. म्हणून हे सारे हाकेच्या अंतरावर असावे लागते. मेंढ्या फार चरल्या तर झुबके जातात, मुळीच चरल्या नाहीत तर माती झाकली जाते. शिवाय तेथे अंडी बहुधा दोन हिवाळे जमिनीत काढतात. म्हणजे कुरण एकदा नांगरले, की एका वर्षाची नव्हे, पुढच्या वर्षांचीही पिढी उलथली जाते.

१९९० च्या दशकात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात हे कीटक वाढवून काही उतारांवर सोडण्यात आले. त्यांची गणती डोळ्यांपेक्षा कानांनीच होते. गवतात तो दिसत नाही, पण स्वच्छ उन्हात नर पंखावर पंख घासून टिकटिक सुरू करतो. ऊन ढगाआड गेले की तो गप्प होतो, आणि मोजणाऱ्यालाही वही मिटून थांबावे लागते.