जागा कुणाची, गाडी कुणाची?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात संस्थेच्या माजी सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा, पण दहा मिनिटांत. पाण्याची टाकी, गळकी गच्ची, बिल्डरकडून करून घेतलेलं खरेदीखत, यांवर बाकीचे बोलतीलच. मी तीन गाड्यांविषयी बोलणार आहे. तिन्ही न चालणाऱ्या. हसू नका, माझ्या सचिवपदाचा निम्मा काळ या गाड्यांनीच खाल्ला.

चार वर्षांपूर्वीचा जुलै आठवा. आपल्याकडचा पाऊस मी काय सांगायचा! रात्री दीड वाजता सी विंगमधल्या आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका अर्ध्या तासात आली आणि बी विंगच्या वळणावर अडकली. तिथे मुंबईच्या एका सभासदांची गाडी दोन-अडीच वर्षं उभी होती. चारही टायर बसलेले, बॉनेटवर शेवाळ. आदल्याच पावसाळ्यात तिच्याखालून धामण निघाली होती. शेवटी चौघांनी आजोबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, वर ताडपत्री धरली आणि गेटपर्यंत उचलून नेलं. आजोबा आज पहिल्या रांगेत बसलेत, म्हणून मी हे हसत सांगू शकतो. १६६१ साली कारतलबखान अवजड फौज घेऊन आपला कुरवंडे घाट उतरला आणि खाली उंबरखिंडीत कोंडला गेला. अरुंद वाटेत अडकण्याचा इतिहास आपल्या गावाला जुना आहे. पण त्या रात्री इतिहास आठवण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रागाच्या भरात भंगारवाल्याला फोन केला. वळणावरची ही गाडी आणि स्टिल्टमधली मारुती ८००, दोन्ही उचल म्हटलं. तो टेम्पो घेऊन आला, गाड्यांभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "साहेब, आरसी बुक कुठंय? मालकाची सही कुठंय?" मी म्हटलं, मी सचिव आहे, मी सांगतोय. तो म्हणाला, "मी नेतो की. पण उद्या पोलीस माझ्या गोडाऊनला आले तर मी तुमचंच नाव सांगणार."

संस्थेचा कायदा मला त्या माणसाने शिकवला, हे मी जाहीरपणे कबूल करतो.

मग मी वाचायला बसलो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ सोडून दिलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी ओढून नेण्याचा हुकूम देऊ शकतो. मला आनंद झाला. पण सार्वजनिक जागा म्हणजे काय, तर जिथे जाण्यायेण्याचा लोकांना हक्क आहे ती. आपलं आवार तसं नाही. तिथे वॉचमन बसवून आपणच लोकांना अडवतो. म्हणजे गेटच्या आत ते कलम आपल्या उपयोगाचं नाही. आणि संस्था म्हणजे काही सरकार नव्हे. राज्यघटनेचं कलम ३०० अ तर सरकारलाही सांगतं, की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. तिथे आपल्या ठरावाची काय कथा! सभासदाची गाडी परस्पर विकली तर ती चोरीच.

वळणावरच्या गाडीच्या मालकांना नोटीस पाठवली. उत्तर आलं: मी देखभाल खर्च वेळेवर भरतो, त्या जागेचे पैसे बिल्डरला दिल्याची पावती माझ्याकडे आहे, माझी गाडी चालते की नाही हे विचारणारे तुम्ही कोण? पत्र वाचून माझं डोकं फिरलं. पण दोनदा वाचल्यावर कळलं, की त्यांचं निम्मं बरोबर आहे. गाडी त्यांचीच होती. चुकत होतं ते जागेच्या बाबतीत. बिल्डरला उघडी किंवा स्टिल्टमधली पार्किंगची जागा फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या मुंबईच्या खटल्यात दिला आहे. ती जागा इमारतीची सामाईक जागा. आदर्श उपविधींतही तेच आहे. पार्किंगची जागा सभासदाला वापरायला मिळते, ती विकता येत नाही की दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या. आणि वळण तर पार्किंगच नव्हतं, तो रस्ता होता.

विशेष सर्वसाधारण सभा झाली, ठराव झाला, रजिस्टर पोस्टाने दुसरी नोटीस गेली. तीत सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाऊ असं लिहिलं होतं. सहा महिने शांतता. अखेर मी स्वतःच मुलुंडला त्यांच्या घरी गेलो. दार उघडलं ते वॉकर धरून. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती, लोणावळ्याला येणं बंदच झालं होतं. आणि गाडीची चावी हरवली होती, हे सांगायची त्यांना लाज वाटत होती! चहा झाला, त्यांनी संमतीपत्रावर सही केली, आरसीची प्रत दिली. चार दिवसांत वळण मोकळं झालं. सहकार न्यायालयाचं वकीलपत्र माझ्या कपाटात अजून कोरं पडलं आहे.

मारुती ८०० चा प्रश्न मात्र खरा अवघड होता. ती कुणाला अडवत नव्हती. रीतसर मिळालेल्या जागेत, कव्हर घालून उभी होती. पण गाडीवाले दादा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि पार्किंगसाठी तीन सभासद रांगेत होते. वहिनी इथे आहेत, त्यांची परवानगी घेऊनच हे सांगतोय. मी विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, गाडी न्यायची तर न्या. पण आरसीवर ह्यांचं नाव आहे, ते मी कसं पुसू?" मी काही बोललो नाही, घरी आलो.

कायद्याने तर मुदत केव्हाच उलटली होती. मालक वारल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नावे करून घ्यायची असते. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? हल्ली आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं. ज्यांनी घातलं नसेल त्यांनी घालून टाका. आणि गाडी कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं, असं कलम ५५ म्हणतं. तसं न केल्याने भंगारात गेलेल्या गाड्या कागदावर वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

आमच्या सभेत दोन तास वाद झाला. उपविधी म्हणतात, ज्याच्याकडे मोटार आहे त्याला पार्किंग. मग न चालणारी मोटार ही मोटार का? एक सभासद म्हणाले, माझं पियानो वाजत नाही म्हणून तुम्ही माझा हॉल घेणार का? त्यावर दुसरे म्हणाले, पियानो तुमच्या हॉलमध्ये आहे, आमच्या नाही. माझी भाची अमेरिकेत असते. ती सांगते, तिकडे अनेक शहरांत स्वतःच्या मालकीच्या अंगणातही बिननोंदणीची बंद गाडी उघड्यावर ठेवता येत नाही, दंड होतो. मला ते जास्त वाटतं. ज्याचं अंगण त्याचं त्याने बघावं. पण आपलं अंगण पन्नास जणांचं आहे, आणि त्यात डास झाले तर ते बघून चावत नाहीत.

शेवटी नियम झाला तो असा. नोंदणी चालू आहे तोवर गाडी चालो न चालो, जागा सभासदाची. १५ वर्षांनी नोंदणी संपली आणि नूतनीकरण केलं नाही, तर नव्वद दिवसांची लेखी सूचना. त्यानंतर जागा चिठ्ठीत परत. गाडीला संस्था हात लावणार नाही. मात्र वाट अडवणारी गाडी लगेच हलवायची, आणि मालक ऐकत नसेल तर पोलीस आणि सहकार न्यायालय. ठरावाला पहिला हात वहिनींनी वर केला.

नंतर त्यांनी वारसाचे कागद केले, गाडी आपल्या नावावर घेतली आणि नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राला दिली. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे अशा केंद्राकडून ठेव प्रमाणपत्र मिळतं. त्यावर नवी खासगी गाडी घेताना वाहनकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. शिवाय आरटीओतली नोंद रीतसर रद्द होते. भंगारवाल्याने दोन पैसे जास्त दिले असते, पण ही नोंद त्याच्याकडून झाली नसती. डॅशबोर्डवरचा गणपती वहिनींनी काढून घेतला. तो त्यांच्या देवघरात आहे.

राहिली तिसरी गाडी. ती तुम्ही आत येताना पाहिलीच असेल, गेटबाहेर उजव्या हाताला. नागफणीला आलेल्या कुणा पर्यटकाने सोडली असावी, असा वॉचमनचा अंदाज. ही मात्र सार्वजनिक रस्त्यावर आहे, म्हणजे कलम १२७ इथे लागू पडतं. रस्त्यावरचा अडथळा काढण्याचे अधिकार स्थानिक संस्थेलाही आहेत, ग्रामपंचायतीला १९५८ च्या कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे. अर्ज तयार आहे, गाडीचा नंबर आणि फोटो जोडलेत. सोमवारी सकाळी मी तो पोलीस ठाण्यात घेऊन जाणार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी जेवायला बसण्याआधी माझ्याकडे यावं. पेन मी आणलंय.