देहाची खतावणी



आपल्या सेलूच्या बाजारात कापसाची गाडी आली, की आधी काट्यावर जाते. वजनात किलोभर फरक पडला तर शेतकरी भांडतो, आणि त्याने भांडलेच पाहिजे. पण तो कापूस पिकवणाऱ्या, वेचणाऱ्या आणि पाठीवर वाहणाऱ्या देहाचे वजन वर्षातून किती वेळा होते? कामगारांच्या सभांतून हा प्रश्न आम्ही नेहमी विचारतो. उत्तर ठरलेले: ‘आजारी पडलो तेव्हा झाले होते!’

एकदाच केलेले वजन म्हणजे वहीतली एकच नोंद. तीवरून नफातोटा कळत नाही. मुलांच्या बाबतीत हे आपण मान्य केले आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना निघाली. तिच्या अंगणवाडीत मुलाच्या वजनाचा आलेख काढतात, आणि रेघ वर चढते की आडवी पडते हे पाहतात. मग थोरांनाच हा नियम का नको?

मात्र नुसते वजन फसवते. किलोंना मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागण्याची रीत बेल्जियमच्या केतलेने एकोणिसाव्या शतकात घातली. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही हा अंक २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले. आपला सडपातळ माणूसही आतून चरबीचा असू शकतो, तो असा.

यावर गरिबाचे यंत्र म्हणजे शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, घेर मोजावा. भारतीय पुरुषाला ९० आणि स्त्रीला ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण. महिन्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन करावे. वजन तेच आणि घेर वाढला, तर बहुधा स्नायू झिजून चरबी साठते आहे. कारण नसता वजन उतरत राहिले, तर क्षय किंवा मधुमेह नाही ना, हे दवाखान्यात पाहून घ्यावे.

एक सावधगिरी मात्र हवी. ही वही कामगाराच्या स्वतःच्या हाती असावी. मालकाच्या कपाटात गेली, तर तीच उद्या अशक्त माणसाला कामावरून काढण्याचा पुरावा होईल. वहीने झीज दाखवली, तर ओझे कमी करा, विश्रांती द्या, पोटभर अन्न मिळेल इतकी मजुरी द्या, ही मागणी पुराव्यानिशी करता येते.

मालाचा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या ठेवला. आता माणसाचा ठेवू या.