दप्तरातला स्प्रे आणि कायदा



परवाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब बाजूलाच राहिला. आमच्या एका सखीने नववीतल्या लेकीच्या दप्तरात मिरचीचा स्प्रे ठेवला होता. दुसरी म्हणाली, "अगं, पोरगी अजून अठराची नाही. उद्या तिच्यावरच केस झाली तर?" मग आम्ही माहिती काढली. तीच आज सांगतो.

असा स्प्रे बाळगायला बंदुकीसारखा परवाना लागत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीने तो जवळ ठेवू नये, असा वेगळा कायदाही आपल्या देशात नाही. स्वतःचा बचाव करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि तो लहानथोर सगळ्यांना आहे.

पण हा हक्क अंगावर आलेलं संकट परतवण्यापुरताच आहे, राग काढायला नाही. मे २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढे भांडणात स्प्रे मारल्याचं प्रकरण आलं. जिवाला धोका नसताना तो मारला, तर ते घातक हत्यार ठरू शकतं, असं न्यायालयाने म्हटलं आणि गुन्हा रद्द केला नाही. म्हणून लेकीला बजावा: मैत्रिणीला दाखवायला, गंमत म्हणून किंवा भांडणात तो काढायचा नाही. शाळेचा नियम काय, तेही मुख्याध्यापकांना आधी विचारा.

वापरायची वेळ आलीच, तर वारा आपल्या तोंडावर नको. फवारा मारला की थांबायचं नाही, माणसांकडे पळायचं. मग ११२ किंवा १०९८ ला फोन करायचा. झालेलं लपवायचं नाही. पॉक्सो कायद्यानुसार मुलीचा जबाब तिच्या घरीही घेता येतो. शक्यतो महिला अधिकाऱ्याने तो घ्यायचा, आणि जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात असायचं नाही.

मैत्रिणींनो, आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत, १३ जुलै २०१६ रोजी एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. २९ नोव्हेंबर २०१७ ला नगरच्या न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. त्या दिवसांत किती घरांतून पोरींची शाळा सोडवायची भाषा झाली, ते आपल्याला आठवतं. भीती खरी होती, पण तिची किंमत पोरींनी का मोजायची?

स्प्रे दोन क्षण मिळवून देतो. पुढे धावून येणारं माणूस लागतं. म्हणून आमच्या गटाने ठरवलंय: पोरींनी घोळक्याने जायचं, संध्याकाळी फाट्यावर आळीपाळीने दोघींनी उभं राहायचं, आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा अर्ज ग्रामसभेत द्यायचा. छेड काढणाऱ्याचं नाव लेकीने घरी सांगितलं, तर आधी तिचं ऐकायचं. "तूच कशाला तिकडून गेलीस?" हा प्रश्न आम्ही आमच्या घरातून बंद केलाय.

तुमच्या गटातही हा विषय काढा.